बिनटिंबाचा ग

भिंगरीनं भर वर्गात उभं राहून "माझी आई जग चालवते" असं ठणकावून सांगितलं, आणि खाली बसता बसता तिच्या लक्षात आलं, की आता हे सिद्ध करून दाखवावं लागणार.

तसा दोष तिचा नव्हताच. दोष होता पुढच्या बाकावरच्या मुलीचा. त्या मुलीची आई क्रेन चालवते. क्रेन कशी, शाळेच्या खिडकीतून दिसते! बाईंनी फळ्यावर 'आमच्या घरातली माणसं काय काम करतात' हा विषय लिहायचा अवकाश, त्या मुलीनं नुसता हात खिडकीकडे केला. तिकडे आभाळात ती पिवळी अजस्र वस्तू संथपणे वळत होती. तोंड उघडायचीही गरज पडली नाही. वर्ग "आहाहा" म्हणाला. आणि लगेच नंबर भिंगरीचा.

गेल्या वर्षीची भिंगरी असती तर "सॉफ्टवेअर" असं हनुवटीशी पुटपुटून खाली बसली असती. पण या वर्षी तिला आत्मविश्वास आला होता. कुठून आला, कसा आला, काही पत्ता नाही. उंची वाढते तसा एका सुट्टीत वाढला. आणि नव्या उंचीसारखाच तो अजून अंगवळणी पडला नव्हता, त्यामुळे सारखा कुठंतरी जाऊन आपटायचा.

"जग?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"हो बाई. अख्खं."

"कुठून चालवते?"

"जेवणाच्या टेबलावरून."

वर्ग असा काही हसला की शेजारच्या वर्गातल्या सरांनी डोकावून पाहिलं. बाईही हसल्या, पण चांगल्या हसल्या. म्हणाल्या, "शुक्रवारी आईलाच घेऊन ये. आणि काहीतरी दाखवायला आण. डोळ्यांना दिसेल असं."

डोळ्यांना दिसेल असं! तिथंच तर सगळी गोची होती.

भिंगरीच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांचं कामच मुळी दिसण्याचं. लोक डोळे बारीक करत आत येतात आणि मोठे करून बाहेर जातात. आईचं तसं नाही. आई एका कंपनीत बॅकएंड इंजिनिअर आहे. भिंगरीनं लहानपणी याचा अर्थ विचारला होता, तेव्हा आई म्हणाली होती, "हॉटेलात पुढे टेबलं असतात आणि मागे भटारखाना असतो ना? मी मागे असते."

"मग तू काय शिजवतेस?"

"निरोप," आई म्हणाली, आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे वळली. तो पडदा काळा, त्यावरची अक्षरं बारीक. आई त्याकडे तासभर बघणार, मग एक ओळ लिहिणार, मग तीच ओळ खोडणार आणि "झालं एकदाचं!" म्हणून खुशीत चहा टाकणार. आता हे वर्गात काय दाखवायचं? खोडलेली ओळ?

बरं, कंपनीचं काम संपलं की आईचं दुसरं काम सुरू व्हायचं, ते तर आणखीच अवघड. आईची एक ओपन सोर्स लायब्ररी होती. हे एकदा जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कानावर गेलं, तर त्या आनंदानं म्हणाल्या, "अय्या, लायब्ररी? सांगायचं नाही का! पुस्तकं घरी न्यायला देता?"

"पुस्तकांची नाही हो काकू," भिंगरी म्हणाली. "कोडची. आईनं लिहून ठेवलंय, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, वापरावं, चुकलं असेल तर सुधारावं."

"कुणीही?"

"कुणीही."

"फुकट?"

"फुकट."

काकूंनी आवाज खाली आणला. "बाबांना माहितीये का हे?"

तेव्हापासून काकू आईकडे बघताना जरा मान कलती करायच्या, आजारी माणसाकडे बघतात तशी.

या लायब्ररीचं नाव होतं 'दमानं'. हे नाव परदेशातली माणसं आपापल्या जिभेनं कशी वळवायची ते ऐकून आईला हसू आवरत नसे. काम मात्र नावाप्रमाणंच. समजा, एखाद्या दुकानाचं दार उघडलं आणि सगळं गाव एकदम आत घुसलं, तर दुकानदार चेंगरून जाईल. इंटरनेटवरही असंच होतं. हजारो यंत्रं एकाच यंत्राला एकाच क्षणी काहीतरी विचारतात. तिथं दाराशी 'दमानं' उभी राहते. झेपतील तेवढ्यांना आत सोडते, बाकीच्यांना सांगते, थांबा. ती यंत्रं बिचारी गुमान थांबतात आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारतात.

आणि हे 'थांबा' ती कसं सांगते? तर आपल्या भाषेत, आपल्या लिपीत, एका वाक्यात:

थांब ग जरा, हात ओले आहेत.

भिंगरी जन्मायच्या आधी कधीतरी, लायब्ररी पहिल्यांदा लिहिताना, आईला तिथं काहीतरी वाक्य हवं होतं. मनात आलं ते तिनं टाकलं. नंतर बदलू म्हणाली. ते 'नंतर' काही आलं नाही.

भिंगरीला वाटलं, सापडलं! अख्ख्या लायब्ररीत माणसाला वाचता येण्यासारखं हे एकच वाक्य आहे. हेच मोठ्या कागदावर, टपोऱ्या अक्षरांत लिहायचं आणि वर्गात लावायचं. दिसेल की डोळ्यांना! एका कागदाचा तर प्रश्न.

जगातली सगळी संकटं 'एका कागदाचा तर प्रश्न' पासून सुरू होत असावीत.

कागद रंगवून झाला. निळी अक्षरं, पिवळी किनार. आता एवढं केलंय तर शुद्धलेखन तपासून घ्यावं, म्हणून भिंगरी तो घेऊन तळमजल्यावर टिंबआजोबांकडे गेली. टिंबआजोबा कुणाचेच आजोबा नव्हते. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम केलं होतं त्यांनी. निवृत्त झाले, पण लाल पेन निवृत्त झालं नाही. लिफ्टमधल्या सूचनेवर त्यांच्या खुणा होत्या. औषधाच्या बाटलीवर होत्या. एकदा त्यांना विजेचं बिल आलं, तर ते त्यांनी दुरुस्त करून परत पाठवलं होतं.

त्यांनी कागद हातभर लांब धरला. मग जवळ आणला. मग चष्मा पुसला. (चष्मा बाबांकडचाच.) मग अतिशय हळू आवाजात विचारलं, "'ग'वर टिंब कुठाय?"

"कुठलं टिंब?"

"थांब गं! गं! अनुस्वार! तू मैत्रिणीला काय म्हणतेस, 'ये ग' म्हणतेस की 'ये गं'?"

भिंगरीनं दोन्ही म्हणून पाहिलं. जितकं म्हणावं तितका फरक कळेनासा होत गेला. शेवटी तिला 'ये' या शब्दाविषयीच शंका यायला लागली.

"हे वाक्य कुठं जाणार आहे?" आजोबांनी विचारलं.

"कुठं जाणार नाही. गेलंय. जगभर. कितीतरी वर्षं झाली."

"जगभर?" आजोबा खुर्चीचा हात चाचपत खाली बसले. "बिनटिंबाचं?"

त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही आपल्या ओळखीचं कुणीतरी बटणं न लावता परदेशी जाऊन आलंय आणि आता काही इलाज उरलेला नाही. ते पाहून भिंगरीनं कागद झटकन पुन्हा वाचला. आई! आपली आई! जगापुढे वर्षानुवर्षं अशुद्ध उभी! आणि शुक्रवारी हा कागद बाईंसमोर लागणार, ज्या बाई स्वल्पविरामाला गुण कापतात.

"काही करता येणार नाही आता," आजोबा म्हणाले. "छापून गेलं ते गेलं."

"कसं नाही करता येणार?" भिंगरीचा आत्मविश्वास ताडकन उभा राहिला. "ओपन सोर्स आहे आजोबा ते! कुणीही दुरुस्ती पाठवू शकतं."

"कुणीही?" आजोबांच्या डोळ्यांत एकदम तेज आलं. उभ्या आयुष्यात त्यांना इतकी सुंदर बातमी कुणी दिली नव्हती. "म्हणजे सगळं जग मुद्रितं तपासतं म्हणतेस?"

दुरुस्ती कशी पाठवायची हे आईनं तिला मागेच शिकवलं होतं. घरी येऊन भिंगरीनं टेबलाशी बसून घरच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, 'ग' शोधला, त्याच्या डोक्यावर टिंब ठेवलं आणि पाठवून दिलं. लायब्ररीला स्वतःच्या चाचण्या असतात. काही बदललं की त्या आपोआप चालतात, बरोबर असेल तर हिरवं, नाहीतर लाल. तर पडदा लाल झाला.

भिंगरीनं नीट वाचलं. एक चाचणी म्हणत होती: मला 'थांब ग जरा' अपेक्षित होतं, 'थांब गं जरा' मिळालं.

"अरेच्चा," भिंगरी म्हणाली, "इथं तर उत्तरपत्रिकाच चुकलीये!"

आणि तिनं चाचणीतही टिंब दिलं. सगळं हिरवंगार झालं. परीक्षा देणाऱ्यानं जाता जाता तपासणाऱ्याचीही चूक सुधारली, असं जगात फार क्वचित घडत असेल.

आई तेव्हा ऑफिसात होती, पुढची मीटिंग कधी घ्यायची हे ठरवायच्या मीटिंगमध्ये. पण लायब्ररीला आणखी एक राखणदार होता. तो दूरच्या कुठल्यातरी देशात राहायचा आणि त्याच्या फोटोच्या जागी पेंग्विनचं चित्र होतं. आई आणि पेंग्विन यांनी मिळून वर्षानुवर्षं काम केलं होतं, पण कधी एकमेकांना पाहिलं नव्हतं. बाबा त्यांना 'पेंग्विनसाहेब' म्हणायचे, आई 'ती' म्हणायची, पेंग्विननं स्वतः काही खुलासा केला नव्हता. त्या पेंग्विननं दुरुस्ती पाहिली. एक टिंब! चाचण्या हिरव्या! पाठवणारी लायब्ररी लिहिणारीचीच मुलगी! "किती गोड," असं लिहून पेंग्विननं ती मंजूर केली आणि नवी आवृत्ती जगाच्या हवाली केली.

भिंगरी त्या दिवशी अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःवर इतकी खूश होती, की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी संपली आणि क्रेन हलेना.

प्रथम कुणाचं लक्ष गेलं नाही. मग पुढच्या बाकावरची मुलगी सारखी मान वळवून बघायला लागली. क्रेन एका बाजूला तोंड करून थिजली होती, रुसल्यासारखी. "जेवायला गेली असेल आई," ती मुलगी म्हणाली. पण शाळा सुटेपर्यंत क्रेन तशीच.

घरी जाताना भिंगरीला रस्त्याचं काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. पार्किंगचा आडवा दांडा वर जात होता, खाली येत होता, वर जात होता, खाली येत होता, आणि एक ड्रायव्हर गाडीतून उतरून, कमरेवर हात ठेवून नुसता पाहत होता. पुढे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. काचेतून आतला फलक दिसायचा, त्यावर पेशंटचा नंबर झळकतो. आज एकच नंबर पुन्हा पुन्हा झळकत होता आणि प्रत्येक वेळी घंटी वाजत होती. गालाला हात लावलेले एक गृहस्थ दारात येऊन म्हणत होते, "अहो, मी आत जाऊन आलो की! आता काय दुसरा दात देऊ?"

बाबांच्या दुकानासमोर मात्र गर्दीच. दुकानात चष्म्याच्या पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारं एक छोटं यंत्र आहे, गरीब स्वभावाचं. त्या यंत्राच्या तोंडून कागदाची पट्टी बाहेर येत होती. येत होती आणि थांबत नव्हती. काउंटरवरून उतरून ती पायरीपर्यंत आली होती. बाबा ती दोन्ही हातांनी गोळा करत होते आणि आजूबाजूचे लोक त्यांना सल्ले देत होते.

"बंद करून चालू करा."

"केलं हो!"

"मग चालू करून बंद करा."

"कागद काढून घ्या ना त्याचा."

"एकदा चापट मारून बघा. आमचा रेडिओ व्हायचा सुरू."

"भिंगरे, धर गं हे टोक!" बाबा ओरडले. भिंगरीनं पायरीवरचं टोक उचललं. सगळीकडे एकाच गिऱ्हाइकाचं नाव आणि एकाच चष्म्याचा नंबर. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: उत्तर समजलं नाही, पुन्हा विचारत आहे. आणि त्याखाली ते न समजलेलं उत्तर.

थांब गं जरा, हात ओले आहेत.

स्वतःचं टिंब माणूस कुठंही ओळखतो. ते तिथं होतं. त्याखालच्या चिठ्ठीवर होतं. त्याखालच्याही. बाबांच्या गळ्यात वेटोळं घालून होतं. तिनं वळून रस्त्याकडे पाहिलं. तो दांडा! तो दात! क्रेनसुद्धा?

दप्तर तिथंच टाकून ती घराकडे पळत सुटली.

आई ऑफिसातून लवकर आली होती आणि जेवणाच्या टेबलाशी बसली होती. फोन स्पीकरवर होता आणि त्यातून तिच्या साहेबांचा आवाज येत होता. "आपलीही सेवा बंद आहे. इतरांचीही बंद आहे. मूळ सापडलं का?"

"सापडलं सर."

"काय आहे?"

"टिंब."

"काय?"

"टिंब, सर. अनुस्वार."

मग साहेब म्हणाले, "बरं, चालू द्या तुमचं."

दार उघडंच होतं, कारण वरच्या काकू चौकशीला आल्या होत्या ("तरी मी म्हणत होते, फुकट देऊ नका") आणि त्यांच्या मागं टिंबआजोबा लाल पेन घेऊन, कारण टिंब हा शब्द त्यांना चार भिंतींपलीकडूनही ऐकू येतो.

"आई," भिंगरी धापा टाकत म्हणाली, "ते टिंब माझं आहे."

"मला माहितीये," आई म्हणाली. "दुरुस्तीखाली नाव असतं बाळा."

आईचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखाच होता. तिनं शेजारची खुर्ची ओढली. "बस इथं."

"पण मी फक्त शुद्ध केलं! एवढंसं टिंब! त्यानं क्रेन कशी बंद पडेल?"

"क्रेन?" आईनं भुवया उंचावल्या. "क्रेनही आहे का? मला माहीत नव्हतं." आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर एक वेगळंच आश्चर्य आलं. मग तिनं सांगायला घेतलं. 'दमानं' वाक्याबरोबर एक आकडाही पाठवते. यंत्रांनी तो आकडा बघावा असा आईचा हेतू. तसं तिनं लायब्ररीसोबतच्या माहितीत स्पष्ट लिहूनही ठेवलंय. पण माहिती कोण वाचतं? जगातल्या शेकडो प्रोग्रॅमरनी आकडा सोडून वाक्यच धरलं. अक्षर अन् अक्षर जुळवून बघायचं. हेच वाक्य आलं तर समजायचं, थांबायला सांगितलंय. टिंब आलं आणि वाक्य जुळेना. मग यंत्रं गोंधळली. काही जागच्या जागी बसली. काही लहान मुलांसारखी 'काय? काय? काय?' विचारत सुटली.

"पण त्यांना तर आपली लिपीच येत नाही! मग वाक्य का धरलं?"

"कारण ते इतकी वर्षं बदललं नव्हतं," आई म्हणाली. "जे बदलत नाही, त्याला लोक टेकून उभे राहतात. विचारतसुद्धा नाहीत. मला तरी कुठं माहीत होतं, माझ्या वाक्याला इतकी माणसं टेकलीयेत!"

टिंबआजोबा दारातून म्हणाले, "तरीपण शुद्ध ते शुद्ध."

"आजोबा, आत या, बसा," आई म्हणाली. मग भिंगरीला म्हणाली, "चाचणी लाल झाली होती ना? लाल काय सांगत होतं?"

"की वाक्य चुकीचं आहे."

"नाही. लाल सांगत होतं, की तू वाक्य बदललंयस. बरोबर-चूक तिला काय कळतंय? ती नुसती पहारा देत होती. आणि तू पहारेकऱ्यालाही फितवलंस."

भिंगरीला आता रडू येणारच होतं. उद्या शुक्रवार! उद्या आईला वर्गात न्यायचं होतं, जग चालवणारी म्हणून. आणि आज जग बंद पाडणारी मुलगी आईच्या शेजारी बसली होती. पण आईनं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "दिलंस तूच, काढ तूच."

तिनं टिंब काढलं. चाचणीतलंही काढलं. आईनं नीट पाहिलं, पेंग्विननं पाहिलं (त्यानं किंवा तिनं फार दुःखी चेहऱ्याचं एक चित्र पाठवलं होतं), आणि जुनं वाक्य नव्या आवृत्तीत बसून पुन्हा जगाकडे निघालं.

मग ते वाट पाहत बसले. काकूही बसल्या. आईच्या पडद्यावर बंद पडलेल्या ठिकाणांच्या लाल खुणा होत्या, त्यांतली एक हिरवी झाली. मग जवळची. मग कुठं लांबची. मग भराभर, कोण आधी हिरवं होतंय अशी शर्यत लागल्यासारख्या. फोन वाजला. बाबा! "थांबलं गं! एकदम थांबलं! तुम्ही काही केलंत?" भिंगरी खिडकीशी धावली. रस्त्यावरचा दांडा खाली आला आणि खालीच राहिला. दूर घरांच्या डोक्यांवरून पिवळी क्रेन हळूच हलली, वळली, आणि काहीच झालं नाही अशा थाटात एक तुळई उचलून निघाली.

भिंगरी काचेला नाक लावून उभी होती. ही क्रेन ती रोज बघत होती. पण आज पहिल्यांदा तिला क्रेनच्या मागचं दिसत होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक दारामागं, दिव्यामागं, फलकामागं कुठंतरी ओल्या हातांचं कुणीतरी उभं होतं आणि अतिशय शांतपणे सांगत होतं, थांब जरा. इतके दिवस चालत होतं, म्हणून दिसत नव्हतं.

"भिंगरे, इकडे ये," आई हाक मारत होती. "हे बघ काय आलंय."

निरोप येत होते, ठिकठिकाणाहून. भिंगरीला वाटलं, शिव्या असणार. थोड्या होत्याही. पण बाकीच्यांचं म्हणणं भलतंच होतं. आज पहिल्यांदा ते वाक्य मोडलं होतं, म्हणून आज पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं होतं. आणि सगळे एकच विचारत होते: याचा अर्थ काय?

बर्फात हवामान मोजणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, की आम्ही इतकी वर्षं समजत होतो, हे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं चित्र आहे. एका बंदरातल्या माणसानं लिहिलं, की हे आमच्या पडद्यावर आलं की आम्ही सगळे कॉफी प्यायला उठतो, त्यामुळे आम्हाला ते फार आवडतं, नक्की काय आहे ते? एका हॉस्पिटलमधल्या नर्सनं लिहिलं, की आम्ही कुणाकडून तरी त्याचा उच्चार शिकून घेतलाय, आणि घाबरलेल्या पेशंटला आम्ही तो म्हणून दाखवतो. का कोण जाणे, त्यांना बरं वाटतं.

वरच्या काकूंची कलती मान हळूहळू सरळ झाली. "हे सगळे," त्या म्हणाल्या, "आपल्या जिन्यावरून जगाकडे..."

"अर्थ सांग ना त्यांना," भिंगरी म्हणाली.

आईची बोटं कीबोर्डवर थांबली. कोडच्या शंभर ओळी ती सटासट लिहायची, पण इथं अडली. मग तिनं हळूहळू लिहिलं: मी लहान असताना फार प्रश्न विचारायचे, एकावर एक. माझी आई भांडी घासत असायची. ती मला कधी गप्प बस म्हणाली नाही. ती हे म्हणायची. आणि हात पुसून खरंच उत्तर द्यायची.

शुक्रवारी आई वर्गात आली, तिचा नेहमीचा निळा कुर्ता घालून. बरोबर टिंबआजोबा, आमंत्रण नसताना. "ज्या टिंबावरून एवढं झालं, त्याची बाजू मांडायला कुणीतरी हवं," असं त्यांचं म्हणणं. कागद फळ्यावर लागला. बाईंनी तो वाचला. त्यांची नजर 'ग'वर येऊन थबकली, हात खडूकडे गेला आणि तसाच मागे आला.

भिंगरीनं सगळं सांगितलं. टिंबासकट सांगितलं. दाताची गोष्ट आली तेव्हा वर्ग हसला. पट्टीत गुंडाळलेल्या बाबांवर तर फारच हसला. मग पुढच्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली.

"म्हणजे काल माझ्या आईची क्रेन..."

"कार्ड लावल्यावर तुझ्या आईची क्रेन कुठंतरी विचारते, चालू होऊ का," भिंगरी म्हणाली. "काल तिला उत्तर समजलं नाही."

"तुझ्यामुळे?"

"माझ्यामुळे."

त्या मुलीनं खिडकीकडे पाहिलं. मग भिंगरीच्या आईकडे पाहिलं. मग परत खिडकीकडे. "आणि आत्ता चालू आहे ती..."

"ती आईमुळे."

वर्गात कुणी हसलं नाही. एकाएकी सगळे खिडकीतून बाहेर बघायला लागले, जणू काही तिथं दुसरंच शहर आणून ठेवलंय.

"तर बाई," भिंगरी म्हणाली, "मी परवा चुकीचं सांगितलं. माझी आई जग चालवत नाही. ते आपापलं चालतं. माझी आई त्याला थांबवते. रांगेत. चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून."

आईनं तोंड फिरवलं आणि फळ्यावरच्या कागदाची सरळच असलेली कड सरळ केली.

टिंबआजोबा खाकरले. "सगळं मान्य," ते म्हणाले. "पण एक मुद्दा राहतो. बोलताना आपण 'गं' म्हणतो. यंत्रांना काय कळतंय? मूळ बोलणारीला विचारा! ती काय म्हणायची?"

"विचारू की," बाई म्हणाल्या. त्यांनाही जाणून घ्यायचंच होतं.

आईनं फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. लांब कुठंतरी घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. आधी नळाच्या पाण्याचा आवाज आला. मग भांड्यावर भांडं आपटल्याचा.

"आई, मी बोलतेय," आई म्हणाली. "अग, तुझं ते वाक्य आहे ना, ते सगळ्या जगात..."

"थांब ग जरा," पलीकडून आजी म्हणाली, "हात ओले आहेत."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. पाणी वाहत राहिलं. आणि अख्खा वर्ग, बाई, क्रेनवालीची मुलगी, सगळे हाताची घडी घालून, एकमेकांना न ढकलता, गुपचूप थांबले.

टिंबआजोबांनी डोळे मिटून ऐकलं होतं. मग त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"बिनटिंबाचा आहे," ते म्हणाले.